काळी न पडलेली बाटली

"निकाल चांगला आला की आधी गटाराची बाटली बघायची, मगच हसायचं." प्रयोगशाळेच्या जुन्या प्रमुखांचे हे शब्द आता त्यांच्या जागी पाणी तपासणाऱ्या तिला आठवले, तोवर नगराध्यक्ष हसून मोकळेही झाले होते.

टेबलावर शहरातल्या नळांच्या पाण्याच्या बाटल्या उभ्या होत्या. पाण्यात मैला मिसळला असला, की औषध घालून उबेच्या पेटीत ठेवलेली बाटली दुसऱ्या दिवशी काळी पडते. एकही पडली नव्हती. साथीत माणसं गेली होती, नळ बंद होते, टँकरपुढे रोज डोकी फुटत होती. खाली अंगणात लोक सकाळपासून बादल्या घेऊन ताटकळत होते.

"चला, सुटलो," म्हणत नगराध्यक्षांनी नळ सोडायला सांगण्यासाठी फोन काढला.

तिने कोपऱ्यातली बाटली उचलली. दर तपासणीत एक बाटली मुद्दाम गटाराच्या पाण्याने भरायची, अशी इथली रीत. बाकी कुठली पडो न पडो, ही काळी पडलीच पाहिजे. तिने ती उजेडात धरली. गटाराचं पाणीसुद्धा काळं पडलं नव्हतं. पेटी मध्येच गार पडली, की बाटलीतलं औषधच शिळं होतं, देव जाणे.

"साहेब, फोन ठेवा. तपासणी फुकट गेली. पाणी चांगलं की वाईट, मला माहीत नाही."

नगराध्यक्षांचा चेहरा उतरला. लोकांना धीर हवाय, शंका नको, असं ते समजावू लागले. एका बाटलीपायी प्रयोगशाळेचं इतक्या वर्षांचं नाव मातीत घालू नका म्हणाले. ती हलेना, तेव्हा म्हणाले, मग खाली जाऊन तुम्हीच सांगा, मी नाही मार खाणार.

देवाचं नाव घेत ती जिना उतरली. रांगेत सर्वांत पुढे तिची सासूच होती. साथ आल्यापासून सून पाणी उकळून प्या म्हणत होती, आणि सासू टँकरचं तसंच पीत होती. तुला बाई सगळंच ठाऊक, आम्ही आपले अडाणी, हा तिचा ठेवणीतला टोमणा. गल्लीत शब्द चालायचा तो सासूचा.

तिने होतं तसं सांगितलं. तपासणी चुकली, पुन्हा करायची, निकाल उद्या. मागे कोणीतरी बादली आपटली. पगार कशाचा घेता, असं कोणी ओरडलं. गर्दी पुढे सरकली.

सासू जागची हलली नाही.

"म्हणजे तुला ठाऊक नाही?"

"नाही, आई."

"आणि चारचौघांत सांगतेस?"

"सांगायलाच हवं."

सासूने हातातली बादली खाली ठेवली. मग वळली आणि गर्दीकडे तोंड करून उभी ठाकली. पुढची माणसं थबकली.

"तू जा, तुझं काम कर," ती मागे न बघता सुनेला म्हणाली. "उद्यापर्यंत आपल्या गल्लीत न उकळलेलं पाणी कोणाच्या घशाखाली उतरणार नाही. ते माझ्याकडे लागलं."

रिकामी बादली उचलून ती चालू लागली. गल्लीतल्या पहिल्याच घराची कडी तिने हळूच वाजवली.

"आधी गॅसवर पाणी ठेव," दार उघडणाऱ्या मैत्रिणीला ती म्हणाली. "माझी सून आज माहीत नाही म्हणालीय."