एका दिवसाचा कप

आइस हॉकीचा कप जिंकला तर संघाचा व्यवस्थापक डार्सी फ्रीसन याची खुर्ची आणखी पाच वर्षं पक्की होती. संघ हरला तर विनिपेगमधलं घर विकायची वेळ येणार होती. फायनलच्या आधी संघातला खेळाडू कोल्बी पेनर याच्या डोक्याला मार बसला. डॉक्टर म्हणाले, घरी बसवा. डार्सीने त्याला बर्फावर उतरवलं आणि पत्रकारांना सांगितलं, गुडघा दुखावलाय. कारण खरं दुखणं कळलं की समोरच्या संघाचे नेमके तिथेच धडकतात.

कप आला. तो प्रत्येक खेळाडूच्या घरी एक दिवस राहतो, म्हणून ऑगस्टमध्ये डार्सी स्वतः तो घेऊन पेनरांकडे गेला. कोल्बी लंगडत दार उघडायला आला.

"या ना. तुम्ही संघाकडून ना? गुडघ्यामुळे जरा वेळ लागला. याच गुडघ्यावर फायनल खेळलो म्हणे मी."

स्वयंपाकघरात त्याची आई आयरीन कॉफी ओतत होती.

"गुडघा इतका बिघडलाय?" डार्सीने हळूच विचारलं.

"गुडघा ठणठणीत आहे, डार्सी," आयरीन म्हणाली. " त्याला कालचं काही आठवत नाही, म्हणून रोज सकाळी पेपरातली कात्रणं वाचतो."

 

तिने कॉफी डार्सीपुढे सरकवली. "तू दिलेली गुडघ्याची बातमी हातात येईपर्यंत सरळ चालतो."