७४७२९ची बाकी

देब्रेत्सेनच्या आमच्या घरात दोन टेबलं आहेत, समोरासमोरच्या भिंतींना लावलेली; बसलं की आमची पाठीला पाठ. एक माझं, एक गेदेओनचं. एका बारा अंकी संख्येला कशाने पूर्ण भाग जातो, ते आम्ही नवरा-बायको एकोणीस वर्षं शोधत होतो. भागाकार दोघांनी वेगवेगळा करायचा. मग मी बाकी मोठ्याने सांगायची. त्याचीही तीच आली, की तो पेन्सिल दोनदा वाजवायचा. वेगळी आली, तर एकदा.

फेब्रुवारीत गेदेओन गेला. पाठीमागे पेन्सिल मात्र अजून वाजते.

"भागाकार करून नवरा परत येतो होय गं?" आज नणंद एतेल्का खसखशीचा केक ठेवताना म्हणाली. "भाजक सापडला, की मिट एकदाची ती वही."

"मिटेन," मी म्हटलं.

ती गेल्यावर ७४७२९ घेतला. बाकी शून्य आली. तीनदा करून पाहिलं, शून्यच. सापडला होता भाजक. आता शोधायला काही उरलं नव्हतं.

मागची खुर्ची जराशी करकरली, वाट बघितल्यासारखी.

"बाकी अकरा," मी म्हटलं. जन्मात पहिल्यांदा त्याच्याशी खोटं बोलले.



मग पेन्सिल वाजली, हळूच. दोनदा.