नाडी आणि वेग

कोल्हापूरबाहेरच्या ट्रॅकवर दिगंबर चौगुले लाल गाडीत बसले. शाळेत असल्यापासून या गाडीचं चित्र त्यांच्या कपाटाच्या दाराला चिकटवलेलं होतं. त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला, छाती धडधडू लागली आणि गाडी रांगायलाच लागली. नव्या कायद्यानं प्रत्येक गाडी चालकाची नाडी मोजत होती. ती वाढली की वेग आपोआप उतरायचा.

"अहो, गाडीत बसलाय, बोहल्यावर नव्हे," कठड्यापलीकडून त्यांची बायको वासंती म्हणाली. "घ्या आता ती नाडी उतरवायची गोळी."

गोळीनं मन सपाट झालं. मग गाडी सुसाट सुटली. तीन फेऱ्या मारून दिगंबर उतरले.

"कसं वाटलं?"

"काहीच नाही गं. लिफ्टमधून वर आल्यासारखं."

गोळीचा अंमल ओसरेपर्यंत दोघं कठड्यापाशी बसली. मग दिगंबरांनी गाडीला एकटीनंच धावायचा हुकूम दिला. रिकामी गाडी गर्जत वळणावरून गेली, तशी कठड्याला टेकलेल्या दिगंबरांची छाती पुन्हा धडधडू लागली.

"बघितलंस?" ते म्हणाले. "मी आत नसलो की अशी पळते ती."