पाचवा कप्पा
छप्पन सालच्या दिवाळीत राज्यांच्या फेररचनेत नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं, सौसर गाव जुन्याच राज्यात राहिलं. नागपूरला भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक असलेले प्रभाकर सौसरमधल्या आपल्या घरी आले ते सूक्ष्मदर्शक घेऊनच. त्याखाली प्राचीन समुद्रात तरंगणाऱ्या जीवाचं, रव्याच्या कणाएवढं कवच होतं. कवचाच्या शेवटच्या वेढ्यात नेहमीचे चार नव्हे, पाच कप्पे आहेत, हे चित्र काढताना पत्नी उर्मिलेनं टिपलं. म्हणजे प्रजाती नवी. नमुना एकच. “प्रजातीले तुझं नाव देऊन राहिलो,” प्रभाकर म्हणाले. “अन् त्या नावामागं कोणाचं लागते?” “वर्णन लिहिणाऱ्याचं. माझं.” “कप्पे मोजले कोणं?” “डोळे तुझे, शास्त्र माझं.” कवच डबीत ठेवायचं काम उर्मिलेचंच होतं. नेहमीसारखा ब्रश तिनं ओठांत ओला केला, टोकानं कवच उचललं. मग ब्रश पुन्हा ओठांत धरला आणि वरून पाणी प्यायली. आता ती प्रजाती फक्त चित्रात उरली होती; चित्राखाली सही उर्मिलेची.