तोंडीचे वीस गुण

ईश्वरी जेवायला बसली तेव्हा तिचे बारावीचे टक्के एक्क्याण्णव होते. ताटावरून उठेपर्यंत ते नव्वद झाले. फोनवर कारणही आले होते: ‘तुमच्या शाळेचा माजी विद्यार्थी शार्दूल मोहिते कॉलेजात भौतिकशास्त्रात नापास.’ माजी विद्यार्थी नापास झाला की शाळेतल्या सगळ्यांचे टक्के कापले जात; तो फेरपरीक्षेत पास झाला तर परत मिळत. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची यादी आज संध्याकाळी सहाला बंद होणार होती आणि तिला एक्क्याण्णवच हवे होते. तिने शार्दूलला फोन लावला.

“दादा, तू पडलास की इथे आमचे सगळ्यांचे टक्के पडतात.”

“माहितीये. मघापासून सगळी शाळा शिव्या देतेय. तूही दे.”

“पण शाळेत तुला तोंडीला वीसपैकी वीस होते ना?”

“तोडकर सर हजेरी घेता घेताच सगळ्यांना वीस मांडायचे. तुला नव्हते?”

तिलाही होते. सरांनी तिला एकही प्रश्न विचारला नव्हता.

“फेरपरीक्षा कधी आहे?” तिने विचारले.

“आज पाचला. निकाल लगेच लागतो. पण मला आवर्तगती कळतच नाही.”

“मी सांगते,” म्हणत तिने घाईघाईने पुस्तक उघडले. समजावायला सुरुवात केली आणि पहिल्याच व्याख्येपाशी ती अडली. पलीकडे शार्दूल वाट पाहत होता.

“दादा,” ती हळूच म्हणाली, “मलाही येत नाही. पहिल्या ओळीपासून दोघं मिळून वाचू या.”