मशीनवरचं यकृत

मरणोत्तर दानात आलेलं यकृत सकाळपासून मशीनवर होतं. बर्फात फार वेळ राहिलं की यकृत दमतं आणि पुढे वाढायला कुरकुर करतं, म्हणून ही मशीन त्यातून कोमट रक्त फिरवत होती. त्याचे दोन तुकडे करून दोन पेशंटना बसवायचे होते, आणि दोघांच्याही पोटात ते वाढायला हवं होतं. पण पित्त सुटलं तरच यकृत काम करतंय असं मानायचं; त्याशिवाय सर्जन हात लावणार नव्हते, आणि तीन तास झाले तरी पित्ताची नळी कोरडीच. मशीन सांभाळणाऱ्या बाईंचा जीव टांगणीला लागला होता.

त्यात दाराबाहेर एक गृहस्थ. दर दहा मिनिटांनी काचेवर टकटक करायचे.

"ताई, कसं आहे आता?"

"कळवू आम्ही. तुम्ही बसा ना जरा."

ते बसायचे, उठायचे, पुन्हा येरझाऱ्या सुरू. पाचव्या टकटकीला बाईंनी वर पाहिलंसुद्धा नाही.

दुपारी नळीत पहिला सोनेरी थेंब उतरला. बाईंनी सर्जनना फोन लावला. मग त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं आणि त्यांनी दार उघडलं.

"काका, छान काम करतंय ते. आता काळजी सोडा. तुमचा पेशंट कोणता, ती छोटी मुलगी की दुसरे?"

गृहस्थांनी चष्मा काढून पुसला.



"माझा पेशंट नाही कुणी. आत आहे ते माझ्या बायकोचं. तिला इथे एकटीला टाकून घरी जायला पाय निघेना."