घरची भाजी

राहात्याच्या शेतातल्या 'सेंद्रिय' भाजीचा रतीब नगरच्या सोसायटीत लावायचा, तर सेक्रेटरी धनश्रीताई खूश व्हायला हव्यात, हे भागवतरावांनी बरोबर ताडलं. चहाला म्हणून बोलावून त्यांनी बाईंना थेट आपल्या गच्चीवर नेलं. जुन्या टबांतून मेथी, वांगी नुसती माजली होती. किडीनं पानांना पाडलेली भोकंसुद्धा भागवतरावांनी पदकांसारखी मिरवली.

"औषधाचा एक थेंब नाही, ताई!"

ताई हरखल्या. साठ घरं पक्की झाल्यातच जमा होती. "पण शेतात एवढी भाजी असताना गच्चीवर हा खटाटोप कशाला?"

मेथी खुडत बसलेल्या रंगुबाई लेकाच्या मदतीला धावल्या.

"अवं ताई, शेतातली इकायला असती. ती काय आपल्या लेकराबाळांना घालायची व्हय?"